मामांचा रिपोर्ट

दर रविवारी सकाळी न्याहारी आटोपली की मंडळी हवेत जमत. हवेत म्हणजे अगदी हवेतच. आपापल्या घरी, आपापल्या रेडिओच्या खोलीत बसायचं, जुना व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर तापवायचा आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर गप्पा हाणायच्या. सगळेच हौशी. या उद्योगातून कुणाला दमडी मिळत नव्हती, घरच्यांची बोलणी मात्र भरपूर मिळत. जहाजावरून निवृत्त झालेले कप्तान होते, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या, मामा होते आणि मामांचा भाचा होता. भाच्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा, म्हणून हवेत त्याचं नाव 'दातवाले' पडलं होतं. पुढे घरीदारीही तेच चालू झालं.

मंडळींचा सगळा जीव आवाजात. काय बोलतोय याला फारसं महत्त्व नसायचं. बाई एकदा अर्धा तास आपल्या मोरीच्या तुंबलेल्या पाइपावर बोलल्या होत्या आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं, कारण त्या दिवशी त्यांचा आवाज फार गोड लागला होता. नव्या यंत्रांवर आवाज दोन्हीकडून कापलेला, पत्र्यावर खडे पडल्यासारखा यायचा. जुन्यांवर घाम गाळला तर भरदार यायचा. तो भरदार आला की नाही हे ठरवायचे मामा. प्रत्येकाचं बोलून झालं की मामांचा रिपोर्ट. "कप्तान, आज खोकल्यासकट पोचलात." "बाई, तुमचा 'श' स्वच्छ धुतलाय." आणि भाच्याला, वर्षानुवर्षं, एकच: "लेका, डब्यातून बोलतोयस."

मामांचा सर्वांत वरचा रिपोर्ट एकच होता. "माणूस समोर येऊन बसला." तो आजवर एका घड्याळजीला मिळाला होता आणि तो घड्याळजी वारलाही होता. दातवाल्याला तो रिपोर्ट हवा होता. वडील लवकर गेलेले. हातात सोल्डरिंगचं आयर्न दिलं ते मामांनी, चटका बसल्यावर पाण्याखाली बोट धरलं तेही मामांनीच. पन्नाशी उलटली, दुकानाला चांगलं नाव झालं, तरी मामांनी एकदा बरं म्हणावं ही भूक काही भागली नव्हती. बायको त्यावरून चिडवायची, तो हसण्यावारी न्यायचा आणि मनातून खट्टू व्हायचा.

म्हणून त्याने 'कपाट' आणलं. एका भंगारवाल्याकडे कोपऱ्यात उभा असलेला, माणसाच्या उंचीचा जुना ट्रान्समीटर. तीन जणांनी उचलून तो मागच्या खोलीत ठेवला आणि बायकोने इस्त्रीचं टेबल तिथून हलवताना जे तोंड केलं ते पाहून हमालसुद्धा चहाला थांबले नाहीत.

कपाट मुळात लष्करी हुकूम पोचवण्यासाठी बनलेलं होतं. शब्द कळले की बास, मग आवाजाचा वरचा आणि खालचा भाग हवाय कशाला, असा बनवणाऱ्यांचा हिशेब. दातवाल्याने एकेक दार उघडायला सुरुवात केली. चिमुकले कपॅसिटर काढून त्या जागी मोठे घातले, तसा आवाजाला खालचा भाग आला. कापणारा फिल्टर उपटून टाकला, तसे 'स' आणि 'श' मोकळे झाले. जुना कार्बनचा माइक जाऊन चांगला माइक आला. दाताच्या माणसाला बारीक कामाचा कंटाळा नसतो. संध्याकाळी दुकान बंद केलं की तो मागच्या खोलीत, आणि जेवायला तीनदा हाका.

तरी मामा म्हणायचे, "डबा मोठा झाला. पण डबाच."

मग त्याला वायर आठवली. माणसाचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. आवाजाची रेघ काढून दाखवणाऱ्या स्कोपच्या हिरव्या पडद्यावर पाहिलं तर रेघ एका बाजूला उंच उडते, दुसऱ्या बाजूला बुटकी राहते. ती उंच बाजू वर असेल तर ट्रान्समीटर तिला हवी तेवढी उडू देतो. खाली असेल तर जमिनीला आपटते आणि आवाज चेपतो. दातवाल्याची उंच बाजू खाली होती. इलाज पोरकट होता. माइकच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. बस्स.

एका दुपारी त्याने ती केली. हवेत जाण्याआधी तपासायचं म्हणून एरियलच्या जागी एक साधा दिवा जोडला. अशी सोय सगळेच करतात. कपाटाची ताकद घराबाहेर जात नाही, दिव्यातच जिरते, आणि आपण बोलू तसा दिवा उजळतो.

माइक पुढे ओढून तो गिऱ्हाइकांना नवी कवळी बसवल्यावर म्हणायला लावायचा तेच म्हणाला. "सदुसष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर." या आकड्यांत कवळी जरा सैल असली तरी शिट्टी वाजते. दिवा उजळला, मंदावला, उजळला. छान होतं. पण काहीतरी खुपत होतं. त्याने दिव्यावर नजर ठेवून पुन्हा सुरुवात केली. "सदुसष्ट," म्हणाला आणि आवंढा गिळायला थांबला.

दिवा उजळला. मंदावला.

मग तो म्हणाला, "अडुसष्ट." दिवा मंदच राहिला.

त्याने पंखा बंद केला, खिडकी लावली, खुर्ची करकरते म्हणून उभा राहिला. पुन्हा तेच. तो आकडा उच्चारायचा त्याच्या किंचित आधी दिव्यात उजेड यायचा. माइक फार तिखट झालाय, श्वासही टिपतोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांगणारा तोच आणि ऐकणाराही तोच, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही.

रविवारी मामा रिपोर्ट द्यायच्या आधी थोडे थांबले. मग म्हणाले, "लेका, आज माणूस समोर येऊन बसला."

दातवाल्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. "मिळाला का एकदाचा?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. तिथे तिच्या ओट्यावर एक छोटा रिसीव्हर होता, रविवारी ती त्यावर सगळ्यांची बडबड ऐकत काम उरकायची. "मिळाला!" तो ओरडला. तेवढ्यात कप्तान म्हणाले, "दातवाले, अभिनंदन. पण तुमच्या मागे कोण बोलतंय?"

"मागे नाही हो कप्तान," बाई मध्येच म्हणाल्या. "पुढे. मागून री ओढणारी मुलं मी जन्मभर पाहिली. हा आधी बोलतो आणि मग आपले दातवाले बोलतात."

सगळे हसले. दातवालाही हसला.

दुपारी बायकोने भांडी पुसता पुसता तोच विषय काढला. "अहो, तुम्ही सगळं दोनदा का बोलत होता? आधी रेडिओत, मग खोलीत."

"रेडिओचा वेग जास्त असतो. भिंतीतून आवाज सावकाश येतो."

"ते मला शिकवू नका. मी रिसीव्हर हातात घेऊन तुमच्या दारात उभी होते. तुम्ही तोंड मिटून होता आणि यातून बोलणं येत होतं." तिने ताटली पालथी घातली. "आवाज मात्र छान लागतो हो तुमचा त्यात. घरात कधी असे बोलता?"

दुसऱ्या दिवशी कप्तानांनी फोन केला. त्यांना सगळं टेपवर धरून ठेवायची खोड होती. "ऐका," म्हणाले आणि फोन स्पीकरपाशी नेला.

त्याने स्वतःला ऐकलं. त्याचा नेहमीचा, जरासा नाकातला आवाज कालच्या गप्पा मारत होता. आणि त्याच्या पुढे, प्रत्येक शब्दाच्या किंचित आधी, दुसरा. तोही त्याचाच. फक्त खाऊन-पिऊन सुखी असल्यासारखा, निवांत, भरलेला. दोघे पुढेमागे चालत शेवटापर्यंत आले. दातवाला 'ओव्हर' म्हणाला. त्याने बोलायचं बटण सोडण्याआधीच्या त्या इवल्याशा फटीत पुढचा आवाज म्हणाला, "पुढच्या रविवारी मामांना विचारतो."

"हे मी बोललो नाही, कप्तान."

"मग कोण बोललं?"

दातवाल्याने फोन ठेवला. काय विचारायचं होतं मामांना, तेही त्याला ठाऊक नव्हतं. वायर पुन्हा सुलट केली असती तर कदाचित प्रकरण तिथेच मिटलं असतं. आठवडाभरात दोनदा तो सोल्डरिंगचं आयर्न तापवून कपाटासमोर बसला. दोन्ही वेळा त्याला मामांचे ते शब्द आठवले आणि त्याने आयर्न थंड होऊ दिलं. वायर सुलट केली की रिपोर्ट गेला. इतक्या वर्षांनी मिळालेला घास आपल्याच हाताने कोण बाहेर काढील?

त्याने मधला मार्ग काढला. कमी बोलायचं.

रविवारी आपली पाळी आली तेव्हा त्याने बटण दाबलं, "सगळ्यांना नमस्कार, इकडे सगळं ठीक," म्हणाला, ओठ घट्ट मिटले, मनात तीनपर्यंत मोजलं आणि बटण सोडलं.

रिसीव्हरमध्ये नुसती खरखर.

मग मामांचा आनंदी आवाज आला. "वा! एकदम साफ. आजही समोरच येऊन बसला की माणूस!"

पुन्हा खरखर. नेहमी मामांच्या पाठोपाठ कप्तानांचं हसू यायचं, ते आलं नाही.

"दातवाले," कप्तान म्हणाले, "हे बोलायची काही गरज नव्हती."

"काय बोललो मी?"

"निदान बोलून झाल्यावर माघार तरी घेऊ नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थरथरत होता. "म्हाताऱ्या माणसाला असं उघडं पाडायचं? सगळ्यांसमोर? मी चालले." आणि त्यांची बाजू बंद झाली. कप्तानांचीही झाली.

बायको दारात उभी होती. हात ओले होते.

"का बोललात तसं?"

"अगं, नमस्कार म्हटलं मी! तू ऐकलंस ना भिंतीतून?"

"भिंतीतून नमस्कारच ऐकला," ती हळू म्हणाली. "रेडिओत मात्र तुम्ही म्हणालात, मामा, तुम्हाला कित्येक वर्षं ऐकू येत नाही. मग माझा रिपोर्ट देता कुठून?"

आणि मग त्याला मामांचं उत्तर आठवलं. साफ. एकदम साफ.

"त्यांना खरंच ऐकू येत नाही?"

तिने हात पदराला पुसले. पुसून कोरडे झाल्यावरही पुसत राहिली.

"तुला माहीत होतं."

"मामींनी सांगितलं होतं. सगळ्यांनाच माहीत आहे. मामांना तेवढाच विरंगुळा, म्हणून कुणी बोलत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्यांच्या एका शब्दासाठी जगता. तुम्हाला कसं सांगणार?"

आपण हातोहात फसवले गेलो असं त्याला वाटलं. कप्तान, बाई, मामी, आणि ही, रोज समोर बसून जेवणारी. सगळ्यांनी मिळून त्याला लहान मुलासारखं खेळवलं होतं आणि तो इकडे कपॅसिटर बदलत बसला होता. रागाने त्याचे कान तापले. त्याने कपाटाचा प्लग भिंतीतून उपटला, वायर जमिनीवर फेकली आणि चपला अडकवून बाहेर पडला. ती मागून काही म्हणाली, त्याने ऐकलं नाही.

मामांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, पायी जाण्याजोगं. दार मामींनी उघडलं. त्यांच्या गळ्यात हेडफोन होता. त्याला पाहून त्यांनी तो काढायची घाई केली नाही.

रेडिओच्या खोलीत तो लहानपणापासून येत होता, पण हल्ली कित्येक वर्षं हवेतच भेट व्हायची. मोठा स्पीकर भिंतीवर तिथेच होता. त्याच्या वायरी कापून गुंडाळून ठेवल्या होत्या आणि गुंडाळीवर धूळ होती. मामा स्कोपसमोर बसले होते. टेबलावर खडू आणि पाटी.

"आलास?" मामा म्हणाले. "ओरडू नकोस. पाटीवर लिही."

त्याने लिहिलं: 'इतकी वर्षं?'

"कान गेले, रेघ राहिली. रेघेवर सगळं दिसतं रे. कोण बसका, कोण कापलेला. बाकी तुझी मामी लिहून देते. डबा म्हणायचो तेव्हा तुझी रेघ डब्यासारखीच होती. खोटं एकदाही बोललो नाही."

'आज मी काय बोललो ते मामींनी लिहिलं का?'

मामा मामींकडे बघायला लागले. मामींनी मान खाली घातली. त्याने पाटी पुसली आणि त्याला जे खरं विचारायचं होतं ते लिहिलं.

'माणूस समोर बसला म्हणालात, ते तरी खरं?'

मामांनी चष्मा काढला. वेळ लावून पुसला.

"खरं. पण ते तुला नव्हतं म्हटलं."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तुझी रेघ मी झोपेतही ओळखीन. आहे तशीच आहे, उंच बाजू खाली. वायर उलटी करूनही ती हलली नाही. पण तिच्याआधी आता दुसरी एक येते. उंच बाजू वर, भरलेली, अंगापिंडाने मजबूत. अशी रेघ त्या घड्याळजीचीसुद्धा नव्हती. त्याला म्हटलं मी."

खडू हातात तसाच राहिला. "कोण आहे तो?" हे त्याने लिहिलं नाही, तोंडानेच विचारलं, मामींना.

"आम्ही नाही विचारलं," मामी म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी बंद केलंत तरी तो मागे राहतो. आता तर रोज येतो. ह्यांच्याशी बोलतो. मी लिहून देते."

"मामी, कपाट रोज चालू नसतं. मी दुकानात असतो."

"असशील."

"तुम्हाला तो मी वाटलो का?"

"पहिल्या दिवशी वाटलास. मग म्हणाला, मामा, गुडघे कसे आहेत? तेव्हा कळलं, हा तू नव्हेस."

मामींच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आईच्या जागी मामी, बापाच्या जागी मामा, आणि त्यांनी किती सहज बदली माणूस घेतला होता.

"आला," मामा म्हणाले.

पडद्यावरची सपाट रेघ उठली. उंच, वरच्या बाजूला. मामांचा चेहरा खुलला. असा चेहरा दातवाल्याने त्यांच्यावर कधी पाहिला नव्हता. मामींनी पाटी पुढे ओढली.

त्याने त्यांच्या गळ्यातला हेडफोन ओढून त्याची एक बाजू आपल्या कानाला लावली, दुसरी त्यांच्या कानाशी राहिली.

आवाज सुंदर होता. खाली भक्कम, वर मोकळा, 'स' शिट्टीशिवाय. जन्मभर त्याला जो काढायचा होता तो हाच.

"औषध घेतलंत का, मामा?" आवाज म्हणत होता. "आज मन जरा नाराज असेल. असू द्या. तो तिथे आलाय ना? बसू द्या त्याला."

टेबलाच्या कडेला फोन होता. त्याने दुसऱ्या हाताने घरचा नंबर फिरवला.

बायकोने उचलला. "हॅलो?"

"अगं, कपाटाचा प्लग बघ. कुणी लावलाय का बघ. लावला असेल तर काढ, आत्ताच्या आत्ता."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी!"

"आवाज नीट येत नाहीये हो. डब्यातून आल्यासारखा येतोय. आपल्याला कोण हवंय?"

त्याने स्वतःचं नाव सांगितलं. सांगताना ते त्यालाच परकं वाटलं.

"आहेत ना," ती म्हणाली. तिचा सूर मोकळा झाला, समजूत पटलेल्या बाईसारखा. "सकाळी रागावून गेले होते, पण आले परत. किती छान बोलले माझ्याशी. आता आत रेडिओवर बसलेत. थांबा हं, बोलावते."

"नको! बोलावू नकोस. अगं, ऐक..."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. तिची पावलं आत गेली. "अहो," तिने हाक मारली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मारायची तशी.

दुसऱ्या कानात, हेडफोनमध्ये, आवाज बोलता बोलता थांबला.

"मामा, एक मिनिट हं," तो म्हणाला. "फोन आलाय."

हिरवी रेघ सपाट झाली. मामींनी ते शब्द पाटीवर लिहिले. मामांनी वाचले, समजुतीने मान हलवली आणि मांडीवर हात ठेवून वाट बघत बसले.

फोनमध्ये, त्याच्या घरातली पावलं जवळ येत होती. चपलेविना, सावकाश. त्यांनी वाटेत मागच्या खोलीचा दिवा टक्कन मालवला, आणि टेबलावरचा फोन उचलला.